आसन कोणासाठी? : बी. के. एस. अय्यंगार यांची योगदृष्टी

योगासने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. धनुष्यासारखी वाकलेली पाठ, मानेमागे गेलेले पाय, आणि एवढे करूनही चेहऱ्यावर मंद हसू. हे चित्र आपण पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पाहतो, २१ जूनच्या योगदिनी मैदानावर पाहतो. आणि डिसेंबर २०२० मध्ये भारत सरकारने योगासनांना स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिल्यापासून परीक्षकांच्या टेबलासमोरही पाहतो. आसन ही अशी पाहण्याची, आणि म्हणून दाखवण्याची, गोष्ट झाली आहे. ज्याचे शरीर लवचीक त्याने ती दाखवावी, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी एक अलिखित वाटणीही आपण करून टाकली आहे.

याउलट तत्त्वज्ञानाच्या तासाला पतंजलींची योगसूत्रे अभ्यासाला बसावे, तर तेथे हे चित्र औषधालाही सापडत नाही. चार पादांत मिळून, पाठभेद लक्षात घेता, १९५ किंवा १९६ सूत्रे आहेत. त्यांपैकी आसनाच्या वाट्याला आली आहेत फक्त तीन, दुसऱ्या पादातली ४६ ते ४८ ही. आसन स्थिर आणि सुखाचे असावे. प्रयत्नाचा ताण सैल पडला आणि मन अनंताशी लागले की ते साधते. आणि ते साधले की शीत-उष्णासारखी द्वंद्वे माणसाला छळत नाहीत. झाले, आसनप्रकरण संपले. कोणते आसन, किती वेळ, पाय कोठे आणि हात कोठे, याविषयी सूत्रकार एक अक्षर बोलत नाहीत.

एकीकडे शरीराची कसरत आणि दुसरीकडे तीन सूत्रे, या दोहोंत एवढे अंतर आहे की अनेक अभ्यासक सरळ म्हणतात, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तो संबंध आहे, आणि तो पुस्तकात नव्हे तर स्वतःच्या पायाच्या तळव्यात शोधावा लागतो, असे मानणारा एक शिक्षक आपल्या याच पुणे शहरात १९३७ पासून २०१४ पर्यंत राहिला. बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हे त्यांचे पूर्ण नाव. मी त्यांना पाहिलेले नाही. परंतु त्यांच्या पद्धतीने शिकवणाऱ्या एका बाईंकडे मी गेली अडीच वर्षे जाते, आणि तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी या नात्याने त्यांच्या विचाराकडे पाहते. या दुहेरी नात्याने मला जे समजले ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे.

अय्यंगारांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, कर्नाटकातील बेल्लूर या गावचा. ते एन्फ्ल्युएंझाच्या साथीचे वर्ष. आई त्या साथीत आजारी असतानाच मूल जन्मले. हातपाय काड्यांसारखे, पोट पुढे आलेले, डोके जड. पुढे हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी उरलेसुरले बळ खाल्ले. नवव्या वर्षी वडील गेले. १९३४ मध्ये त्यांना म्हैसूरला बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांनी बोलावून घेतले. कृष्णमाचार्य म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवीत. ते विद्वान होते आणि तितकेच कडकही होते. या किडकिडीत मेहुण्याकडून त्यांची काही अपेक्षा नव्हती. तरी मुलगा शिकला, आणि १९३७ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवण्यासाठी त्याला धाडण्यात आले. ते सहा महिने सत्त्याहत्तर वर्षे चालले.

त्या पहिल्या दिवसांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. कारण पुढची सगळी दृष्टी तेथे घडली असे मला वाटते. वय अठरा-एकोणीस, मराठी येत नाही, मॅट्रिकची परीक्षा पदरात नाही, आणि समोर शिकायला बसलेली शाळा-महाविद्यालयांतली मुले अंगापिंडाने शिक्षकापेक्षा दांडगी. गुरू दूर म्हैसूरला, शंका विचारायला जवळ कोणी नाही. पोटभर जेवणाचीही भ्रांत. अशा माणसापुढे दोनच मार्ग असतात. एक, शिकलेले तसेच्या तसे पढवत राहायचे. दुसरा, स्वतःच्या अंगावर प्रयोग करून प्रत्येक गोष्ट नव्याने शोधायची. अय्यंगारांनी दुसरा धरला. ते दिवसाचे कित्येक तास एकट्याने आसने करीत, आणि एखादे आसन एका दिवशी हलके व दुसऱ्या दिवशी जड का होते, याचा छडा लावीत. हाताशी मिळतील त्या विटा आणि दगड ते आधाराला किंवा वजनाला घेत. आज जगभर ‘अय्यंगार पद्धती’ म्हणून जी ओळखली जाते तिच्या लाकडी विटा, पट्टे, दोर, लोड आणि खुर्च्या यांचे मूळ या दिवसांत आहे.

पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगते. १९५२ मध्ये विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन मुंबईस आले असता त्यांची भेट झाली. मेन्युहिन फार थकलेले होते, पाचच मिनिटे देऊ म्हणाले. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवले आणि तासभर ते गाढ झोपले. (जगप्रसिद्ध शिष्याला दिलेला पहिला धडा विश्रांतीचा होता, ही गोष्ट आसनांच्या हौशी लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.) १९५४ पासून मेन्युहिन यांच्यामुळे युरोपचे दार उघडले. आपल्याला व्हायोलिन शिकवणारा सर्वोत्तम शिक्षक असा गौरव कोरलेले घड्याळ त्यांनी अय्यंगारांना दिले. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना त्यांनी शीर्षासन शिकवले तेव्हा राणींनी ऐंशी ओलांडली होती. १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ निघाला. मराठीत तो ‘योगदीपिका’ या नावाने आहे. १९७३ मध्ये पत्नी रमामणी वारल्या, आणि जानेवारी १९७५ मध्ये शिवाजीनगर भागात त्यांच्या नावाने योगसंस्थेची वास्तू उभी राहिली. तिला आठ अंगांचे आठ खांब आहेत. २०१४ साली पद्मविभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला अय्यंगार गेले.

‘योगदीपिका’ उघडणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा भीतीची असते. दोनशे आसने, सुमारे सहाशे छायाचित्रे, प्रत्येक आसनाच्या नावाशी अवघडपणाचा आकडा, ताडासनाला एक आणि सर्वांत अवघड आसनाला साठ! परिशिष्टात तीनशे आठवड्यांचा क्रम दिला आहे. म्हणजे पावणेसहा वर्षे झाली. त्या छायाचित्रांतले शरीर पाहून सामान्य माणूस पुस्तक आदराने मिटून ठेवतो. लेखाच्या आरंभी ज्या चित्राविषयी मी तक्रार केली, त्या चित्राच्या प्रसाराला या पुस्तकाचाही हातभार लागलेला आहे, हे मान्य करावे लागेल. अय्यंगारांनी स्वतः हजारो प्रात्यक्षिके रंगमंचावरून केली. मग त्यांच्या दृष्टीने आसन दाखवण्याचीच गोष्ट होती की काय?

या प्रश्नाचे उत्तर मला छायाचित्रांत सापडले नाही, विटेत सापडले. ते समजण्यासाठी एक आसन जरा सविस्तर पाहू. त्रिकोणासन घेऊ, शाळेत ते बहुतेकांनी केलेले असते.

दोन्ही पायांत तीन-साडेतीन फूट अंतर. उजवे पाऊल काटकोनात बाहेर, डावे किंचित आत. हात खांद्यांच्या रेषेत पसरलेले. मग धड उजवीकडे न्यायचे, उजवा तळहात पावलाशी जमिनीवर, डावा हात सरळ वर आणि नजर वरच्या अंगठ्याकडे. वाचायला सोपे आहे. आता ज्याच्या मांडीमागच्या शिरा आखूड आहेत असा मनुष्य हे करू लागला की काय होते? त्याच्या मनात एकच ध्येय असते, हात जमिनीला टेकवायचा. त्यासाठी तो उजवा गुडघा हळूच वाकवतो, बसण्याचा भाग मागे फेकतो, छाती जमिनीकडे फिरवतो, श्वास रोखतो. हात टेकतो, आणि त्रिकोणासन मात्र नाहीसे होते. पाहणाऱ्याला वाटते, जमले. करणाऱ्यालाही वाटते, जमले. दोघांचेही लक्ष बोटांच्या टोकांवर आहे. बाकीचे सगळे अंग अंधारात आहे.

येथे शिक्षक घोट्याबाहेर एक लाकडी वीट उभी ठेवतो आणि म्हणतो, हात हिच्यावर ठेवा. जमीन नऊ इंच वर आली. आता गुडघा वाकवण्याचे कारण उरले नाही. मांडीचा स्नायू वाटीवरून वर खेचता येतो, छाती फिरून समोर येते, डावा खांदा उजव्या खांद्यावर उभा राहतो. मग शिक्षक म्हणतो, मागच्या पावलाची बाहेरची कड दाबा. आपण सगळे जण पुढच्या हाताच्या नादात मागचे पाऊल विसरलेले असतो. ते दाबताच आसनाला पाया मिळतो, आणि तोवर कोठेतरी अडकलेला श्वास मोकळा होतो. त्या क्षणी लक्ष एकाच वेळी मागच्या टाचेत, पुढच्या गुडघ्यात, कण्यात आणि वरच्या तळहातात असते. हे फार तर दहा सेकंद टिकते. पण त्या दहा सेकंदांत मनात दुसरा विचार नसतो, कारण त्याला बसायला जागाच नसते.

अय्यंगारांची संपूर्ण भूमिका या विटेत आहे असे मी समजते. चित्ताच्या वृत्तींचा निरोध हे योगाचे लक्षण आपण परीक्षेत लिहितो. परंतु ‘वृत्ती आवर’ असे मनाला सांगून ते ऐकत नाही. हा अनुभव कोणाला नाही? अय्यंगार म्हणत, मन अदृश्य आहे, त्याला धरता येत नाही. शरीर मात्र आपल्या हाती आहे. शरीराच्या एकेका भागात जाणीव पोचवण्याचे काम मनाला दिले, की ते कामात गुंतून आपोआप गोळा होते. आसनात ध्यान असते असे ते सांगत त्याचा अर्थ हा. म्हणून सरळ रेषांचा त्यांचा आग्रह सौंदर्यासाठी नव्हता. जेथे रेषा मोडते तेथे बहुधा लक्ष मोडलेले असते, एवढाच त्याचा आधार.

मग वीट ही दुबळ्यांसाठी दिलेली सवलत आहे का? अनेकांचा तसा समज आहे, आणि विटेला हात लावणे त्यांना कमीपणाचे वाटते. वस्तुतः संस्थेत अनुभवी शिक्षकही साधने घेऊन आसने करतात, आणि नव्वदी गाठल्यानंतर स्वतः अय्यंगारही लोड, खुर्च्या, दोर यांच्या आधाराने दीर्घकाळ आसनात राहत. आधारामुळे धडपड थांबते. धडपड थांबली की निरीक्षण सुरू होते. प्रयत्नाचा ताण सैल पडल्याने आसन साधते, या सूत्राचा याहून सोपा अर्थ मला तरी माहीत नाही. शिवाय परंपरेचा दाखला हवा असेल तर तोही आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात आसनांची जी छोटी यादी आहे तीत पद्मासन, वीरासन यांच्या बरोबरीने ‘सोपाश्रय’ असे एक नाव येते. उपाश्रय म्हणजे आधार. सोपाश्रय म्हणजे आधारासह. वाचस्पती मिश्रांनी त्याचा संबंध योगपट्टकाशी जोडला आहे. योगनरसिंहाच्या मूर्तीत गुडघ्यांभोवती जो पट्टा दिसतो तो हाच. नरसिंहाला पट्टा चालतो, आणि आपल्याला मात्र त्याची लाज वाटते, ही गंमतच म्हणायची.

माझ्या पुरते बोलायचे तर हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. माझा पाठीचा कणा जन्मापासून एका बाजूला थोडा वळलेला आहे. उजवा खांदा वर, डावी कूस आखडलेली. शाळेत मला कवायतीतून कायमची सूट होती. योगासनांच्या तासाला मी भिंतीशी बसून सगळ्यांची दप्तरे राखीत असे. ती व्यवस्था कोणी दुष्टपणाने केली नव्हती, काळजीपोटीच केली होती. पण रोज भिंतीशी बसणाऱ्या मुलीची हळूहळू अशी खात्री पटत जाते की आपले शरीर ही एक चूक आहे आणि तिच्याकडे न पाहणे बरे.

बाईंच्या वर्गात पहिल्या दिवशी मी कण्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी सूट दिली नाही, आणि धीरही दिला नाही. “ताडासनात उभी राहा,” म्हणाल्या. मी राहिले. पाचेक मिनिटे त्या माझ्याभोवती फिरून पाहत होत्या. मग विचारले, “कोणत्या पावलावर जास्त वजन आहे?” मला सांगता येईना. वीस वर्षे मी ज्या पावलांवर उभी होते त्यांच्याविषयी मला एवढीही माहिती नव्हती. त्या दिवशी तेवढेच झाले. पुढे कित्येक आठवडे भिंतीतल्या कड्यांना बांधलेले दोर, डाव्या बाजूखाली घडी केलेली चादर, उजव्या हाताखाली वीट, असे माझे प्रत्येक आसन शेजारणीपेक्षा निराळे असे. नाव मात्र तेच. आसनाच्या मापात शरीर कोंबायचे नाही, आसनच शरीरापर्यंत आणायचे, हे तत्त्व मी अशा रीतीने अंगावर शिकले. कणा सरळ झालेला नाही, होईल असे कोणी सांगितलेलेही नाही. दुपारच्या तासांना पाठ धरत असे ती धरत नाही, आणि डावी बाजू कोठे संपते ते मला डोळे मिटून सांगता येते.

डाव्या-उजव्याचा हा विषय अय्यंगारांच्या नीतिविचाराशी जाऊन भिडतो, आणि मला तो त्यांचा सर्वांत मोलाचा विचार वाटतो. यम-नियम ही पहिली दोन अंगे. ती पुरी केल्याशिवाय आसनाला हात लावू नये असे काहींचे मत, तर यम-नियमांचा आसनांशी संबंध नाही असे इतरांचे. अय्यंगारांचे म्हणणे वेगळे होते. सगळी अंगे एकाच आसनात पाहता येतात. अहिंसा घ्या. जी बाजू तल्लख आहे ती आपण जोराने ताणतो. ती हिंसा, हे कोणालाही पटेल. पण जी बाजू मंद आहे तिच्याकडे आपण लक्षच देत नाही, तेथल्या पेशी उपाशी ठेवतो. तीही हिंसाच, असे ते म्हणत. सत्य घ्या. गुडघा वाकलेला असताना तो सरळ आहे असे शिक्षकाला भासवता येईल, गुडघ्याला कसे भासवणार? अपरिग्रह घ्या. काल जमलेले आसन आजही तसेच जमावे हा हट्ट म्हणजे साठवणच. रोज त्याच वेळी सतरंजी पसरणे हे तप, आत काय चालले आहे ते वाचणे हा स्वाध्याय, आणि एवढे करून फळाचा हक्क न सांगणे हे ईश्वरप्रणिधान. नीतिशास्त्राच्या पेपरात आपण ज्यांच्या व्याख्या लिहितो ते शब्द असे मांडीच्या स्नायूत उतरलेले पाहिले की जरा दचकायला होते.

शिकण्याच्या चार पायऱ्याही ते हठयोगाच्या ग्रंथांतून घेत: आरंभ, घट, परिचय आणि निष्पत्ती. आरंभी फक्त बाहेरचा आकार कळतो. मग हा देह घटासारखा भाजून पक्का व्हावा लागतो. मग बुद्धीचा आणि देहाचा परिचय होतो. शेवटची अवस्था फार थोड्यांची. बहुतेक जण आरंभातच असताना पुढचे आसन मागतात, आणि म्हणून आरंभातच राहतात. प्राणायामाबाबत तर अय्यंगार विशेष सावध होते. आसनात कणा आणि छाती तयार झाल्याशिवाय श्वासाशी खेळू नये, आणि सुरुवात लोडावर पाठ टेकून, निजूनच करावी, असा त्यांचा दंडक.

आता दुसरी बाजू. अय्यंगारांचा वर्ग म्हणजे शांतिनिकेतन नव्हते. ते ओरडत, चापट मारीत, त्यांच्या बी. के. एस. या आद्याक्षरांचा ‘बीट, किक, शाउट’ असा विनोदी विग्रह त्यांच्या शिष्यवर्गातच रूढ होता. त्यांचे चाहते याला गुरूची तळमळ म्हणतात. तळमळ असेलही. कृष्णमाचार्यांच्या कडक शाळेत जे सोसले तेच पुढे हातात आले, असेही म्हणता येईल. परंतु ज्या शिक्षकाने मंद बाजूकडे दुर्लक्ष करणे ही हिंसा मानली, त्याच्या हातून चापट बसावी याचा मेळ मला घालता आलेला नाही, आणि चाहत्यांनी घातलेला पटलेला नाही. आमच्या बाई आवाज चढवतात. हात लावण्यापूर्वी मात्र विचारतात. पद्धती पुढच्या पिढीत गेली तेव्हा तिच्यातले एवढे गळाले, ते बरेच झाले.

महाराष्ट्रात योगाची ही एकच वाट आहे असेही नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात दाब किती उतरतो यासारख्या गोष्टी यंत्रांनी मोजल्या. तेथील परंपरा आसनात कमीत कमी श्रम, संथपणा आणि शिथिलता यांवर भर देते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघर नेले. नागपूरच्या जनार्दनस्वामींनी पैसा न घेता योगवर्ग चालवण्याची रीत घालून दिली. कैवल्यधामाच्या मार्गाचा अभ्यासक अय्यंगारांच्या वर्गात आला तर त्याला इतक्या सूचना ऐकून धाप लागेल. टाच, वाटी, माकडहाड, बरगड्या, फरे, सगळे एका दमात! आधी सैल व्हा, मग स्थिर व्हाल, हा एक मार्ग. आधी नेमके व्हा, मग सैल व्हाल, हा दुसरा. माझ्यासारख्या वाकड्या कण्याला दुसरा मानवला. ज्याचे शरीर मुळात समतोल आहे त्याने पहिलाही करून पाहावा.

आमच्या विभागातील सरांचा आक्षेप मात्र अधिक मूलगामी आहे. ते म्हणतात, पातंजल दर्शनाचे ध्येय पुरुष आणि प्रकृती यांचा विवेक. शरीर प्रकृतीच्या बाजूला. मग जन्मभर गुडघ्याच्या वाटीकडे पाहत बसणे म्हणजे प्रकृतीतच अधिक रुतणे नव्हे काय? या आक्षेपाला अय्यंगारांनी उत्तर दिले ते उपनिषदातील पंचकोशांच्या आधारे. २००५ मध्ये निघालेल्या ‘लाइट ऑन लाइफ’ या ग्रंथाची मांडणीच अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय या क्रमाने आहे. कोश एकात एक आहेत. बाहेरचा ओलांडून आतला गाठता येत नाही, बाहेरच्यातूनच जावे लागते. सर म्हणतात, हे वेदान्ताचे उत्तर झाले, सांख्याचे नव्हे. शास्त्रदृष्ट्या त्यांचे बरोबर आहे. पण मला एक सुचते. ताडासनात उभे राहून मी जेव्हा माझ्या डाव्या पावलाकडे पाहते, तेव्हा पाऊल हे पाहिले जाणारे असते आणि पाहणारे कोणी दुसरे असते. द्रष्टा आणि दृश्य यांतला हा फरक मी दोन वर्षे वहीत लिहिला होता. तो जाणवला तेथे. यावर सरांचे म्हणणे असे की हा फरकही बुद्धीच्याच पातळीवरचा आहे, पुरुषाचा नाही. आमचा वाद अजून चालू आहे.

हे वाचून कोणास सुरुवात करावीशी वाटली तर एक-दोन व्यावहारिक गोष्टी. ‘योगदीपिका’ ग्रंथालयातून जरूर घ्यावी, पण छायाचित्रे पाहून घरी एकट्याने करू नये; शिक्षक गाठावा. पोट रिकामे असावे. सुरुवातीचे काही महिने उभ्याने करायच्या आसनांचेच असतात, कारण पायांना अक्कल आल्याशिवाय कण्याला येत नाही, असे बाई म्हणतात. सर्वांगासन खांद्यांखाली चादरींच्या चार घड्या घेऊन करायचे, मान घडीच्या बाहेर; यामुळे मानेवर भार येत नाही. शीर्षासन केले तर त्यानंतर सर्वांगासन हवेच. मुलींनी पाळीच्या दिवसांत उलटी आसने करायची नाहीत. त्या दिवसांसाठी लोडावर निजून करायच्या आसनांचा निराळा क्रम आहे, आणि गीताबाई अय्यंगारांनी स्त्रियांच्या योगाभ्यासावर स्वतंत्र ग्रंथ लिहून तो नीट घालून दिला आहे. शवासन कधीही गाळू नये, वेळ कमी असेल तर इतर एखादे आसन गाळावे. लाकडी विटा सुताराकडून करून घेता येतात: नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद, तीन इंच जाड, आणि कडा घासून गोल केलेल्या. पट्टा नसेल तर जुन्या सुती साडीची पट्टी चालते. मी पहिले वर्ष तिच्यावरच काढले.